टॅमवर्थला कोण उतरतं

गुरुवार, ३ ऑक्टोबर

जॅनिसने एक्सेटरचं तिकीट स्वतः काढलं. मला न विचारता, मोबाईलवर, बटाटे उकळायला ठेवून. "झालं माझं शनिवारचं," एवढंच म्हणाली आणि बटाट्यांना सुरी टोचून पाहू लागली.

लग्न झाल्यापासून या घरातलं प्रत्येक तिकीट मी काढलेलं आहे. रेल्वेचं, कोचबसचं, एकदा तर होडीचंसुद्धा. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, पोट फरश्या बसवून भरतो. पण रेल्वेची भाडी चेस्टरफील्डमध्ये माझ्यापेक्षा कुणाला जास्त कळत असतील तर त्याने समोर यावं. मला हे कुणी शिकवलेलं नाही. थंडीत काम बंद असायचं तेव्हा एकेक गाडी, एकेक स्टेशन तपासून मी ते कमावलं. भाडी अशी लावलेली असतात की सरळ माणसाने सरळ तिकीट घ्यावं आणि नागवलं जावं. म्हणून सरळ जायचं नाही.

"कितीला पडलं?" मी विचारलं.

"ठीक पडलं."

"ठीक म्हणजे?"

"ट्रेव्ह, मला कॅरलकडे जायचंय. तिला बरं नाही. तिकीट मिळालं. आता जेव."

कॅरल म्हणजे तिची धाकटी बहीण. एक्सेटरला एकटी असते, जिभेने तिखट. आमच्या लग्नात तिने माझी ओळख 'दोघांच्या तिकिटात तिघांना नेणारा जावई' अशी करून दिली होती. असो. 'ठीक' हा आकडा नाही. दूध दोन पेन्सने महागलं तर दुकान बदलणारी बाई 'ठीक' म्हणते, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज क्लबात माझं टेबल. दर गुरुवारी खिडकीपाशी लॅपटॉप मांडून बसतो. ज्याला कुठे जायचं असेल तो येतो. पैसे घेत नाही. कुणी बिअर पुढे केली तर त्याचं मन मोडत नाही.

एनिड कोप्ली आल्या होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. नातीच्या लग्नाला ब्रिस्टलला जायचंय. बर्मिंगहॅमला तिकीट तोडून दिलं, तर बाई घाबरल्या.

"म्हणजे मी बर्मिंगहॅमला उतरायचं?"

"उतरायचं नाही."

"पण यावर बर्मिंगहॅम लिहिलंय."

"एक तिकीट बर्मिंगहॅमपर्यंत, दुसरं बर्मिंगहॅमपासून. गाडी तीच, खुर्ची तीच. गाडी तिथे थांबते, तेवढं कायद्याला पुरतं. तिकीट तुटतं एनिडबाई, तुम्ही नाही. बूड हलवायचं नाही."

"आणि तपासनीस आला तर?"

"दोन्ही शेजारी शेजारी मांडून ठेवा आणि त्याच्याकडे बघून हसा."

"मला या वयात तुरुंगात टाकलं तर मांजराला कोण बघेल?" असं म्हणत त्यांनी दोन्ही तिकिटं पर्समध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली. माणसाला स्वस्त मिळालं की पहिल्यांदा भीतीच वाटते, हा माझा अनुभव आहे.

बार सांभाळणारा डगी स्टब्ज ग्लास पुसत ऐकत होता. "आणि आपल्या जॅनिसबाईंना एक्सेटर कितीला पडलं, गुरुजी?"

"ते घरातलं आहे," मी म्हटलं.

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

चारपाच जण हसले. हसू देत. टेबल मी वेळेआधी आवरलं.

जॅनिस सोमवारी परत आली, येताना कोचने. आली ती थेट न्हाणीघरात, आणि पाणी गार होईपर्यंत टबात बसून राहिली. कॅरल काय म्हणते विचारलं, तर म्हणाली, "पडून असते." कॅरलला मी आजवर कधी पडलेली पाहिली नाही. ती बाई झोपेतही वाद घालत असेल.

रविवार, १३ ऑक्टोबर

गाडीची किल्ली सापडत नव्हती म्हणून जॅनिसच्या रेनकोटचे खिसे पाहिले. किल्ली नव्हती. नारिंगी काठाचं एक तिकीट होतं, पाच तारखेच्या शनिवारचं. चेस्टरफील्ड ते टॅमवर्थ. एकेरी.

पहिला विचार तोडलेल्या तिकिटाचा आला, हे इथे नमूद करतो. मी दूधखुळा नाही. पण टॅमवर्थला कुणी तिकीट तोडत नाही. एक्सेटरची लाइन मी दोन हिवाळ्यांपूर्वी पिंजून काढली आहे. डर्बीला तोडायचं, फार तर चेल्टनमला. टॅमवर्थ मी तपासलंसुद्धा नाही, कारण निम्म्या गाड्या तिथे थांबत नाहीत, आणि जिथे धड गाडी थांबत नाही तिथे वेळ घालवायला मी मूर्ख नाही. मला जे सापडलं नाही ते जॅनिसला बटाटे उकळता उकळता सापडेल?

आणि सापडलं असं धरलं, तर पुढचं तिकीट कुठे आहे? टॅमवर्थ ते एक्सेटर? रेनकोटचे चारही खिसे, पर्स, प्रवासाची पिशवी, सगळं पाहिलं. नाही. अर्धं तिकीट आहे, अर्धं नाही, याचा अर्थ एकच होतो. ती टॅमवर्थला उतरली.

शनिवारी संध्याकाळी तिने एक्सेटरहून फोन केला होता. पण मोबाईल काय, कुठूनही लागतो.

तिकीट होतं तिथेच ठेवलं. घडी होती तशीच.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आडून विचारून पाहिलं.

"टॅमवर्थला गर्दी असते का गं?"

"कुठे?"

"टॅमवर्थ. थांबते ना तुझी गाडी तिथे."

"असेल. मी काचेला डोकं टेकून बसले होते." ती चहा ढवळत राहिली. ती चहात साखर घालत नाही. "का विचारतोस?"

"सहज."

"तू स्टेशनाबद्दल सहज कधी विचारत नाहीस."

मी विषय बदलला. घाई केली की फरशी हलते. आधी सिमेंटचा मसाला घट्ट होऊ द्यावा.

जेवणानंतर ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. पाऊस भुरभुरत असताना, कचऱ्याच्या डब्यांपाशी. मी स्वयंपाकघरातला दिवा न लावता उभा राहिलो. "हो. हो. येईन म्हटलं ना," एवढं ऐकू आलं. मग नुसती फोन धरून उभी. आत आली तेव्हा डोळे लाल.

"काय झालं?"

"कांदा."

आमच्या अंगणात कांदा नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

काम करताना एकदम जेराल्ड विनशिप आठवला. चर्चच्या गायकवृंदाला तो शिकवायचा आणि जॅनिस दुसऱ्या रांगेत गायची. विधुर. पांढरे केस मागे फिरवलेले, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. ईस्टरनंतर तो गाव सोडून मुलीकडे राहायला गेला. निरोपाच्या वेळी जॅनिसने त्याच्यासाठी लिंबाचा केक केला होता. मला लिंबाचा केक शेवटचा कधी मिळाला, ते आठवत बसलो आणि एक फरशी वाकडी बसली. काढून पुन्हा बसवली.

संध्याकाळी क्लबात डगीला गाठलं. "तो जेराल्ड कुठे गेला रे राहायला?"

"मफलरवाला? टॅमवर्थला. की टेलफर्ड?"

"नीट आठव."

"अरे, दोन्ही तिकडेच कुठेतरी. टॅमवर्थ असेल. का, त्याचंही तिकीट तोडून द्यायचंय का?"

"चौकशी केली फक्त."

"तू चौकशी केलीस की कुणाचे तरी पैसे वाचतात," डगी म्हणाला. "या वेळी कुणाचे?"

आज टेबलावर तिघे आले. एकाला लिव्हरपूल चुकीच्या दिवसाचं काढून दिलं. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. असं माझ्या हातून होत नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

जॅनिस शनिवारी पुन्हा जाणार आहे. किती दिवस, ते माहीत नाही म्हणते. शाळेच्या स्वयंपाकघरातून तिने रजा घेतली आहे, मुदत न सांगता. तिथे इतकी वर्षं आहे, सर्दीला कधी रजा घेतली नाही.

"मी काढतो तिकीट," मी म्हटलं. साधं बोललो, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"नको. काढलंय मी."

"परतीचं?"

"नाही."

"दोन्ही मिळून काढलं असतं तर..."

"ट्रेव्ह, तुझ्या तिकिटाला परतीची वेळ असते." तिने ते मोठ्याने म्हटलं नाही. इस्त्री करत होती, कॉलरवरून नजरसुद्धा उचलली नाही. "या वेळी मला वेळ नकोय."

स्वस्त तिकिटाला ठरलेली गाडी असते, त्यात माझा काय दोष? तिच्या आईच्या अंत्यविधीला दोघांचं जाणं-येणं मी इतक्या स्वस्तात बसवलं होतं की पाद्रीबुवांनाही तो आकडा सांगितला, आणि त्यांनी मान डोलावली. परतीची गाडी दुपारची होती, म्हणून मंडळी चहाला बसायच्या आत निघावं लागलं, इतकंच. कॅरल फाटकाशी उभी राहून बघत होती. चेस्टरफील्डचा वाकडा मनोरा दिसेपर्यंत जॅनिस एक शब्द बोलली नाही. दुःख असतं माणसाला.

ती शेजारणीकडे गेली तेव्हा पलंगावर उघडी असलेली बॅग पाहिली. स्वेटर, लोकरी मोजे, हे समजू शकतो. पण तळाशी काळा पोशाख, घडी मोडू नये म्हणून कागदात गुंडाळलेला. आणि टाचांचे काळे जोडे, पॉलिश केलेले. बहिणीची उशापायथ्याशी सेवा करायला टाचांचे जोडे कशाला लागतात?

मी सगळं होतं तसं ठेवलं. जोड्यांची टोकंसुद्धा.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

ठरलं. तिची गाडी टॅमवर्थला थांबते, तेव्हा मी फलाटावर असेन.

तिच्याच गाडीने पाठोपाठ जाता आलं असतं, पण आयत्या वेळचं भाडं म्हणजे दरोडा. पहाटेच्या कोचने बर्मिंगहॅम, तिथून छोट्या गाडीने उलटं टॅमवर्थ. वेळ दुप्पट, भाडं निम्म्याहून कमी. बायकोला रंगेहाथ पकडायचं असलं तरी मी भाडं जास्त देणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तिला सांगितलं, बोल्सोवरला एक न्हाणीघर आहे, लवकर निघावं लागेल.

"शनिवारी?"

"त्यांना तातडी आहे."

ती दारात उभी राहिली. मग म्हणाली, "ट्रेव्ह, तू येतोस का माझ्याबरोबर?"

क्षणभर मी गडबडलो. मग उलगडलं. मी नाही म्हणणार हे पक्कं ठाऊक असलं, की बोलवायला काय जातं? चोर असाच आधी दार उघडून दाखवतो.

"या दिवशी या गाडीला काय भाडं लागेल, कल्पना आहे का तुला?" मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली. "सकाळीच बघितलं मी." आणि वर झोपायला गेली.

शनिवार, २६ ऑक्टोबर

हे एक्सेटरहून लिहितो आहे. क्रमाने लिहितो.

कोच वेळेवर निघाली. सँडविच आणि थर्मास घरून नेला होता. टॅमवर्थला पोहोचलो तेव्हा तिच्या गाडीला भरपूर अवकाश होता. तिची गाडी येते तो फलाट उंचावर आहे आणि वारा सगळीकडून लागतो. आडोशामागे उभा राहिलो. जेराल्ड कुठे दिसतो का, पाहत होतो. एक मफलर दिसला, पण आत बाई होती.

काय बोलायचं ते कोचमध्ये ठरवलं होतं. ओरडायचं नाही. तिकीट पुढे धरायचं आणि विचारायचं, "हे काय आहे?" तिकीट येताना तिच्या रेनकोटमधून काढून आणलं होतं. हात गार पडले म्हणून सँडविच काढलं.

गाडी आली. एक मुलगी मोठी पेटी घेऊन उतरली आणि एक बाई बाबागाडी घेऊन. बस्स. दार उघडं होतं आणि कुणी उतरत नव्हतं.

मग ती दिसली. माझ्यासमोरचीच खिडकी. काचेला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. तिच्या पुढ्यातल्या छोट्या टेबलावर दोन तिकिटं होती. शेजारी शेजारी मांडलेली. मी सगळ्यांना सांगतो तशी.

तिने डोळे उघडले आणि मला पाहिलं. मी हात वर केला. हातात अंड्याचं सँडविच होतं.

दारं वाजू लागली. दोन पावलं टाकली असती तर आत असतो. पण माझं तिकीट टॅमवर्थपर्यंतचं होतं, आणि विनातिकीट मी आयुष्यात गाडीत पाय ठेवलेला नाही. दारं लागली. ती मान वळवून बघत राहिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

फोन लगेच वाजला.

"ट्रेव्हर." पूर्ण नाव. "तू टॅमवर्थला काय करतोयस?"

"तू का उतरली नाहीस?"

"मी कशाला उतरू टॅमवर्थला?"

"तुझ्या रेनकोटात टॅमवर्थचं तिकीट होतं."

पलीकडे गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. मग ती अगदी सावकाश म्हणाली, लहान मुलाला सांगावं तसं, "ते तोडलेलं आहे, ट्रेव्ह. या गाडीला टॅमवर्थला तोडलं की डर्बीपेक्षा सात पौंड कमी पडतं."

"शक्य नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगितलं नाही तुला. तू म्हणणार, शक्य नाही."

"मग पुढचं तिकीट कुठे गेलं?"

"एक्सेटर स्टेशनच्या स्वयंचलित फाटकाने गिळलं. गिळतं ना शेवटचं?" मग आवाज बदलला. "तुला काय वाटलं? माझं कोण असतं टॅमवर्थला?"

ती माझ्या गप्प बसण्याला ओळखते.

"ट्रेव्हर. कोण?"

"जेराल्ड."

"कुठला जेराल्ड? आपला मफलरवाला? अरे देवा." ती हसली, की हसता हसता तिचं दुसरंच काही झालं, ते कळलं नाही. आवाज फुटत होता. "त्याला स्वतःची कवळी सांभाळता येत नव्हती रे." मग ती थांबली. "कॅरलला फार दिवस नाहीत, ट्रेव्ह. मी तुला सांगितलं होतं."

"तू म्हणालीस, बरं नाही."

"हो. आणि तू विचारलंस, कितीला पडलं."

फोन तुटला. गाडी बोगद्यात गेली असेल, किंवा तिने ठेवला असेल. बर्मिंगहॅमच्या अलीकडे कुठे बोगदा आहे का, ते आठवून पाहिलं. नक्की आठवलं नाही.

त्याच वेळी डगीचा निरोप आला. 'जेराल्ड टेलफर्डलाच. बायकोला विचारलं.'

खाली तिकीटखिडकीवर हिरव्या नखांची एक मुलगी होती. एक्सेटर मागितलं, पुढची गाडी.

"परतीचं?"

"एकेरी."

तिने आकडा सांगितला. मी पुन्हा विचारला, तिने पुन्हा सांगितला, तोच. मग माझ्या बुटांकडे पाहून म्हणाली, "काका, थांबा जरा. चेल्टनमला तोडून दिलं तर बरंच कमी होईल. खुर्ची तीच राहते, उतरावं लागत नाही. देऊ का?"

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "सरळच द्या."

का म्हटलं, ते आता लिहायला बसलो तरी लिहिता येत नाही. गाडीला वेळ होता. तोडायला काही हरकत नव्हती. ती मुलगी हसली. मला हसली की माझ्यासाठी, तेही सांगता येत नाही. या खिडकीवाल्यांवर माझा कधीच भरवसा नव्हता.

गाडीत तिकीट वरच्या खिशात ठेवलं आणि चारपाच वेळा हात लावून पाहिलं. बर्मिंगहॅम, चेल्टनम, ब्रिस्टल, टॉन्टन, सगळी स्टेशनं गेली. एकाही ठिकाणी काही तुटलं नाही.

एक्सेटरच्या फाटकात तिकीट घातलं. गिळलं त्याने. फाटक उघडलं आणि मी तिथेच उभा राहिलो. मागचा माणूस खेकसला तेव्हा हललो. शेवटचं तिकीट फाटक गिळतं, मधलं खिशात राहतं. हे मला जॅनिसच्या आधीपासून माहीत आहे. ती टॅमवर्थला बाहेर पडली असती, तर फाटकाशी दिलेलं ते तिकीट माझ्या हाती लागलंच नसतं. ते खिशात राहिलं, कारण तिने बूड हलवलं नव्हतं.

कॅरलच्या दारात जॅनिस उभी होती. अंगात एप्रन. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जेवलास?"

"सँडविच खाल्लं."

"ते दिसलं मला," ती म्हणाली, आणि आत घेतलं.

कॅरल झोपली होती. तिला बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवलंय. दाराशी जॅनिसची बॅग अर्धी उघडी होती आणि काळे जोडे वर आले होते. मी ते पुन्हा कागदात गुंडाळून कपाटात सगळ्यात वर ठेवले, पलंगावरून दिसणार नाहीत असे.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज घड्याळं तासभर मागे गेली. स्टुलावर चढून कॅरलच्या भिंतीवरचं घड्याळ मागे करत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"आलास का, कवडीचुंबका?"

उशीवर नुसते डोळे आणि नाक उरलं आहे. पण जीभ तीच.

"आलो."

"सगळ्या देशाला एक तास फुकट. तू बोलणी केलीस वाटतं?"

"दोन मागितले होते," मी म्हटलं. "एकावर तुटलं."

ती हसली, मग खोकली. जॅनिस भांडं घेऊन धावत आली, पण कॅरलने हाताने तिला थांबवलं.

"कितीला पडलं? खरं सांग हं. जॅनिसला कंटाळा येतो, मला आवडतं ऐकायला."

मी स्टुलावरून उतरलो. घड्याळ सरळ लागलंय का ते पाहिलं. एका बाजूला झुकलं होतं, सारखं केलं.

"बारा पौंड."

"चेस्टरफील्डहून? आयत्या वेळी? थापाड्या."

"तीन ठिकाणी तोडलं. डर्बी, टॅमवर्थ, चेल्टनम."

"टॅमवर्थ?" कॅरलचे डोळे मोठे झाले. "टॅमवर्थला कोण उतरतं?"

"कुणीच नाही. नुसतं तिकीट तुटतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. जॅनिसने शोधलं ते."

"आमच्या जॅनीने? तुझ्यावर ताण?"

"सात पौंडांचा फरक आहे," मी म्हटलं. "मी तपासलेलंच नव्हतं ते स्टेशन."

कॅरलने मान वळवून जॅनिसकडे पाहिलं. इतकी खूश मी तिला आमच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. "बारा पौंड," ती स्वतःशीच म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. हसू तसंच राहिलं, झोप लागेपर्यंत.

जॅनिस भांडं हातात धरून दारात उभी होती. शनिवारचं भाडं तिने शुक्रवारी सकाळीच बघितलेलं होतं. बाराचा आकडा कुठेच बसत नाही, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. ती काही बोलली नाही. का बोलली नाही, याचा मी दिवसभर विचार केला.

दुपारी भांडी घासताना, पाठ माझ्याकडे ठेवून, तिने विचारलं, "परतीची गाडी कितीची आहे?"

"काढली नाही."

नळ बंद झाला. "नाही काढलीस?"

"किती दिवस राहायचं ते आधीच कसं कळणार."

ती वळली. ओले हात एप्रनला पुसत माझ्याकडे अशी पाहू लागली, जसा मी दुसऱ्याने बसवलेल्या फरशीकडे पाहतो. कुठे फट आहे का. कुठे पोकळ वाजतं का. सरळ बसलीय असं दिसतं, पण पाय ठेवल्यावर टिकेल का.

बराच वेळ पाहिलं तिने. मग खांद्यावरचं फडकं काढून माझ्याकडे टाकलं.

"पूस," म्हणाली.

मी पुसू लागलो. ती अधूनमधून तिरक्या नजरेने बघत होती, अजून.